सागरतळीचे राज्य आणि समुद्राच्या स्वामित्वाचा प्रश्न : १९६३ मधील एका चित्रकथा-अंकाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

माहूरच्या रेणुकामातेचा पुत्र परशुराम याने समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळविली, ही आख्यायिका समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यातही सर्वश्रुत आहे. या आख्यायिकेत मानव समुद्राकडून भूमी घेतो. विसाव्या शतकातील अमेरिकन चित्रकथेने नेमकी उलट मांडणी केली. तेथे समुद्राचा राजा मानवाकडे आपला हक्क मागतो. ‘फँटॅस्टिक फोर’ या चित्रकथा-मालिकेचा १९६३ चा पहिला वार्षिक अंक हे त्याचे ठळक उदाहरण होय. चित्रकथा म्हणजे केवळ बालरंजन, या समजुतीमुळे इतिहासलेखनात या साधनाकडे दुर्लक्ष झाले आहे. समुद्राच्या स्वामित्वाच्या ऐतिहासिक प्रश्नाच्या संदर्भात सदर अंकाचे वाचन करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पूर्वपीठिका :

सागरतळीच्या राज्याचा राजपुत्र नेमॉर हे पात्र बिल एव्हरेट यांनी १९३९ मध्ये निर्माण केले. त्याची माता जलराज्यातील राजकन्या, तर पिता अमेरिकन जहाजाचा कप्तान. मानवाच्या जहाजावरून झालेल्या स्फोटांत आपले लोक मारले गेले, हा त्याच्या रोषाचा मूळ आधार होय. १९४१ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅन’ हा दुसरा सागरी नायक अवतरला. परंतु तो मानवाचा मित्र होता. नेमॉर मात्र प्रारंभापासूनच तक्रारदार राहिला. १९६२ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी त्याला पुन्हा कथेत आणले, तेव्हा अणुचाचण्यांमुळे त्याचे राज्य उद्ध्वस्त झाल्याचे दाखविले. त्या वेळी पॅसिफिक महासागरात प्रत्यक्ष अणुचाचण्या होत होत्या, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कथानक व त्याचा कालसंदर्भ :

वार्षिक अंकात नेमॉरला आपले विखुरलेले प्रजाजन सापडतात. तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावर प्रकट होऊन समुद्रावर आपल्या राज्याचे स्वामित्व घोषित करतो. त्यानंतर त्याचे सैन्य न्यूयॉर्क व्यापते. शास्त्रज्ञ नायक रीड रिचर्ड्स सैनिकांच्या शिरस्त्राणांतील पाण्याची वाफ करणारे यंत्र वापरून हे आक्रमण परतवितो. पुढे बुडून मरणासन्न झालेल्या शत्रुपक्षातील स्त्रीला नेमॉर स्वतः रुग्णालयात पोहोचवितो. या दयेमुळेच त्याची प्रजा त्याचा त्याग करते.

राष्ट्रसंघाचे हे दृश्य केवळ कल्पनाविलास नव्हे. १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी किनाऱ्यालगतच्या समुद्रतळातील संपत्तीवर अमेरिकेचा अधिकार जाहीर केला होता. १९५८ मध्ये जिनिव्हा येथे समुद्रविषयक करार झाले. परंतु किनारी राष्ट्राची सागरी हद्द किती असावी, याचा निर्णय १९६० च्या दुसऱ्या परिषदेतही झाला नाही. बारा सागरी मैलांची मर्यादा १९८२ च्या करारानेच निश्चित झाली. म्हणजेच ज्या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रांपाशी नव्हते, तोच प्रश्न चित्रकथेतील राजा विचारीत होता.

मराठ्यांच्या इतिहासातील समांतर प्रश्न :

हा प्रश्न मराठी इतिहासाला नवा नाही. पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात आपला परवाना घेतल्याशिवाय संचार करण्यास मनाई केली होती. १६०९ मध्ये ग्रोशियसने समुद्र सर्वांसाठी मुक्त असल्याचे प्रतिपादन केले, तेही डच व्यापाराच्या समर्थनार्थ. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर दस्तक देण्याचा अधिकार बजावला, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. परवाना युरोपीयांनी दिला तर ती सत्ता आणि आंग्र्यांनी दिला तर ती चाचेगिरी, असा हा दुटप्पी न्याय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मात्र आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम कुलाब्यापुढे अयशस्वी ठरली. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांच्या विरोधात इंग्रजांसोबत पेशवेही होते. सागरी सत्तेचा अंत केवळ परकीयांमुळे होत नाही, आपल्यांनी साथ सोडल्यानेही होतो, हे साम्य नोंद घेण्याजोगे आहे. अर्थात एक दस्तऐवजांनी सिद्ध असलेला इतिहास व दुसरी कल्पित कथा, हा भेद विसरता येणार नाही.

निष्कर्ष :

सदर अंकात नेमॉरची तक्रार मान्य होते. परंतु तिचा न्यायनिवाडा होत नाही. यंत्राच्या विजयानंतर समुद्र कोणाचा हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. महासत्तेच्या लोकप्रिय वाङ्मयातील ही अस्वस्थता त्या काळाचे प्रामाणिक प्रतिबिंब ठरते. मराठी वाचकापर्यंत परकीय चित्रकथा १९६४ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून पोहोचल्या. त्यांतील ‘फँटम’च्या कथांमध्ये स्थळांची व व्यक्तींची नावे बदलण्यात आली; भारतीय वाचकाला काय रुचेल आणि काय खुपेल, याचा विचार त्यामागे दिसतो. संपादनाचे असे निर्णय हीदेखील ऐतिहासिक सामग्री आहे. जुने अंक रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी त्यांचे जतन केल्यास सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकांना एक मोलाचे साधन उपलब्ध होईल.