नजराण्याचे अल्बम



लग्न उरकले, आहेर मोजून झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, की काही दिवसांनी फोटोवाल्याकडून अल्बम येतो. पूर्वी त्यात काळ्या कागदावर कोपऱ्यांत खोचलेले फोटो असत आणि मध्ये पातळ जाळीदार कागद असे. आता पानभर छापलेला, पुठ्ठ्यासारख्या जाड पानांचा अल्बम मिळतो. लहान पोराला तो उचलवतही नाही. अल्बम हाती पडला की आपण आधी आपला फोटो कुठे आहे ते शोधतो, आणि मग नवरानवरीकडे वळतो. खरे की नाही? पण फोटो असे पुस्तकात बांधून द्यायची रीत मुळात आली कुठून? तिची हकीकत सांगताना आपल्याला अंड्यापासून सुरुवात करावी लागेल आणि मराठवाड्याच्या दुष्काळापर्यंत जावे लागेल.

फोटो काढण्याची कला १८३९ साली जगापुढे आली. पॅरिसच्या दागेरने ती जाहीर केली, पण त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. एक पत्रा, एक चित्र. दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅल्बटने कागदावर उलटी प्रतिमा घेऊन तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढण्याची युक्ती शोधली. १८४४ ते १८४६ या काळात त्याने हप्त्याहप्त्याने एक पुस्तक काढले. त्यातला मजकूर छापलेला होता, पण चित्रे मात्र एकेक करून हाताने चिकटवलेली होती. छापखान्यात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हतीच.

पुढे १८५० च्या सुमारास दोन सुधारणा झाल्या. उलटी प्रतिमा काचेवर घेता येऊ लागली, आणि प्रत काढायला एक नवा कागद आला. त्या कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा पातळ थर दिलेला असे. बलक सुकला की कागदाला चकाकी येई. मग त्यावर चांदीच्या क्षाराचा हात फिरवीत आणि काचेखाली दाबून तो चक्क उन्हात ठेवीत. चित्र हळूहळू उमटे. मग सोन्याच्या क्षारात बुडवून त्याला जांभळट तपकिरी छटा आणीत, औषधात पक्के करीत आणि कितीतरी पाण्यातून धुऊन काढीत. या कागदाचा खप इतका वाढला, की जर्मनीत ड्रेस्डेन शहरी एका कारखान्यात दिवसाला ६०,००० अंडी फुटत असत. पिवळा बलक वाया जात नसे. तो चामडे कमावणाऱ्यांना विकीत. युरोपातले व्यापारी काही सोडत नाहीत!

आता या कागदात एक खोड होती. कागद अगदी पातळ, आणि बलकाचा थर सुकताना आकसतो. त्यामुळे चित्र सुरळीसारखे गुंडाळले जाई. ते सपाट ठेवायचे तर खळ लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवणे भाग होते. आणि एकदा पुठ्ठ्यावर गेलेली चित्रे सुटी कशाला ठेवायची? जिल्द बांधणाऱ्याकडे दिली की पुस्तक तयार. धंदेवाईक फोटोग्राफरला जिल्दवाल्याची गरज पडू लागली ती अशी.

मुंबईला हे लोण लवकर पोहोचले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या पहिल्या मंडळींपैकी होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम फोटो काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. शिक्षक बंधूंनी हे साल मुद्दाम टिपून ठेवावे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे.

याच मुंबईत विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी डिसेंबर १८५६ पासून एक फोटोंचे मासिकच चालवले. त्याचे २४ अंक निघाले. प्रत्येक अंकात तीन खरे फोटो चिकटवलेले असत. वर्गणीदाराने अंक साठवायचे आणि शेवटी बांधून घ्यायचे. पुढे जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे दोन खंड काढले. पहिला, १८६३ चा, गुजरात, कच्छ व काठेवाडच्या लोकांचा. दुसरा, १८६६ चा, महाराष्ट्राच्या लोकांचा. ही चित्रे पाहताना जरा सावध राहावे लागते. माणसे एका ठिकाणी उभी करून टिपली आहेत, मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा आहे, आणि छापताना दोन्ही जोडली आहेत. म्हणजे फोटोतली माणसे त्या जागी उभी होती, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. फोटो खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. ती म्हण जॉन्सनसाहेबाच्या कानावर गेली नव्हती एवढे खरे. शिवाय खाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही.

आता ज्याने अल्बमाला दरबारी थाट दिला त्या माणसाकडे वळू. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी झाला. रुडकीच्या कॉलेजात ते इंजिनियरीचे शिक्षण घेऊन बाहेर पडले आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे काढायचे, खर्चाचा अंदाज बांधायचा, हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती धरला. नकाशानवीसाची नजर त्यांच्या फोटोंत दिसते. इमारतीचा खांब तिरका झालेला नाही, पायऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ आहेत. सर लेपेल ग्रिफिन यांनी १८८६ साली मध्य हिंदुस्थानातल्या प्रसिद्ध वास्तूंवर ग्रंथ काढला, त्यातली चित्रे दीनदयाळांचीच.

पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना आपले दरबारी फोटोग्राफर नेमले आणि राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ पासून मुंबई, अशी त्यांची दुकाने होती. हैदराबादेत १८९२ साली त्यांनी खास पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. तिथला कारभार एक इंग्रज बाई पाही, आणि फोटो काढणारीही बाईच, म्हणून घराण्यातल्या बायका निःशंकपणे जात.

त्या दुकानातून अल्बम कसा बाहेर पडे? तेव्हाची रीत अशी, की कागदावर मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी. लहान काचेवरून मोठे चित्र काढण्याची व्यवहारी सोय नव्हती. म्हणून दहा-बारा इंची जड काचा, पेट्या, औषधांच्या बाटल्या असा सरंजाम बैलगाडीतून हलवावा लागे. चित्रे छापून, कापून, एका पानाला एक अशी चिकटवीत, खाली ओळ घालीत. वर चामड्याची जिल्द आणि सोनेरी अक्षरे. व्हाइसरॉय येऊन गेले, की भेटीचा अल्बम तयार. १९०२ साली लॉर्ड कर्झन हैदराबादेस आले, तेव्हाही दीनदयाळांचा कॅमेरा बरोबर होताच. शिकार, मेजवानी, हत्ती, लवाजमा सारे पानापानावर उतरले. पाहुण्याला शालजोडी द्यावी तसा हा अल्बम नजराण्यात जाई. आपण किती नीटनेटके राज्य करतो, हे त्यातून दाखवायचे असे.

आणि इथेच आपल्या लोकांचा संबंध येतो. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १८९९ साली पावसाने दगा दिला आणि तिथे कडक दुष्काळ पडला. १८९१ च्या शिरगणतीत औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलखात, जेवढी माणसे होती, त्यापेक्षा १९०१ साली कमी भरली. दहा वर्षांत वाढ व्हायची ती घट झाली. राज्याने दुष्काळी कामे काढली, धान्य वाटले. आणि या सत्कार्याचेही अल्बम झाले! दीनदयाळांच्या स्टुडिओने औरंगाबाद जिल्ह्यातल्या मदतकार्याची चित्रे घेतली. ज्या हातांनी व्हाइसरॉयच्या मेजवानीचा फोटो काढला, त्याच हातांनी ओळीने बसवलेल्या उपाशी माणसांचा काढला. तीच स्वच्छ मांडणी, तीच समतोल ओळ. शिस्त इतकी, की क्षणभर भुकेचा विसर पडावा.

दीनदयाळांना यात दोष द्यावा असे मला वाटत नाही. मालकाने सांगितले ते काम त्यांनी चोख केले, आणि ते केले म्हणून आज आपल्यापाशी काही पुरावा आहे. त्या वेळच्या मराठवाड्यातल्या कष्टकरी माणसाचे मुंडासे कसे होते, बाई लुगडे कशी नेसली होती, अंगावरची हाडे किती दिसत होती, हे कोणत्याही बखरीत सापडणार नाही. पण हा अल्बम त्या माणसांसाठी झाला नव्हता. त्यांना प्रत मिळाली नाही, आणि खालच्या ओळीत त्यांची नावे नाहीत. कुणाचा तरी पणजोबा त्या ओळीत बसलेला आहे. कोणाचा, ते पणतवाला कळायला मार्ग नाही. इतिहासाच्या तासाला असे चित्र दाखवलेत, तर गुरुजी, मुलांना एवढे जरूर विचारा: हा फोटो कोणी काढवला, पैसे कोणी दिले, आणि तो कोणाच्या हाती जायचा होता? मुले फार चटकन उत्तरे शोधतात.

छापखान्यात बारीक ठिपक्यांनी फोटो छापण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, आणि हाताने चिकटवलेल्या ग्रंथांचा जमाना मावळला. अंड्याचा कागदही मागे पडून जिलेटिनचा आला. बलकाच्या जुन्या चित्रांना ओल सोसत नाही. ती पिवळी पडतात आणि त्यातले उजळ भाग आधी नाहीसे होतात. तुमच्या गावी एखाद्या वाड्यात असा अल्बम निघाला, तर तो उन्हात वाळत घालू नका आणि फोटो सोलून काढू नका. कोरड्या जागी आडवा ठेवा. जाणत्या माणसांना जवळ बसवून, कोण कुठे उभा आहे ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून घ्या.

दीनदयाळ १९०५ साली वारले. मागे उरलेल्या काचांपैकी २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. अल्बमाचा कागद पिवळा पडला तरी, काच शाबूत असेल तर तिच्यावरून आजही नवी प्रत निघते.