पदवी इथली, एक सेमिस्टर लंडनमध्ये: शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांनी आधी काय तपासावं?

शिरूर आणि दौंडमधली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे परदेशात सेमिस्टरभर शिकून मिळवलेले क्रेडिट्स पदवीत धरले जाणार का, हे विद्यापीठाच्या मान्यतेवर ठरतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार 'ट्विनिंग' अभ्यासक्रमात परदेशी संस्थेतून जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट्स घेता येतात. पदवी भारतीय संस्थाच देते. त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये करार लागतो. करार किंवा लेखी मंजुरी नसताना गेलात, तर तिकडे पास होऊनही इथलं सेमिस्टर बाकी राहू शकतं.

पैशांचं काय? सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, पण संस्था मान्यताप्राप्त हवी आणि या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे 'तिकडे पार्टटाइम करून खर्च भागवू' हे गणित इथे बसत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीच्या एका सेमिस्टरसाठी नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: करार, लेखी मंजुरी, पैशांची सोय, व्हिसा आणि सगळ्यात शेवटी विमानाचं तिकीट.