टिकिग्वानिया

(टिकिग्वानिया एस्टेसी). मध्य प्रदेशातील टिकी शैलसमूहात सापडलेल्या एकुलत्या एका खालच्या जबड्यावरून वर्णन केलेला जीवाश्म सरडा. दत्ता व राय यांनी २००६ मध्ये त्याची नोंद केली. टिकीचे खडक उत्तर ट्रायासिक काळातले, म्हणजे २१ कोटी ६० लाख वर्षांहून जुने. तेच वय जबड्यालाही लावले गेले आणि टिकिग्वानिया हा सरडे-सापांच्या गटातला (स्क्वामाटा) सर्वांत जुना प्राणी ठरला.

सारी भिस्त दातांवर होती. मागचे त्रिकोणी दात जबड्याच्या काठावरच बसलेले, हाडाशी एकजीव झालेले. असे दात पडून नवे येत नाहीत, आयुष्यभर झिजत जातात. पुढचे मोजके दात मात्र जबड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेले. ही ठेवण ॲगॅमिड कुळाची, म्हणजे कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या आपल्या नेहमीच्या सरड्याच्या कुळाची.

खटकण्याजोगी गोष्ट नेमकी हीच होती. हचिन्सन, स्किनर आणि ली यांनी जबड्याची आजच्या सरड्यांशी पुन्हा तुलना केली, तेव्हा त्यात वेगळे असे जवळजवळ काहीच सापडेना. हाडांची लक्षणे आणि रेणवीय माहिती एकत्र धरून केलेल्या विश्लेषणातही तो ड्रॅकोनिनी या आजच्या आशियाई उपकुळातच पडला. एवढ्या प्रचंड काळात जबडा तसाच राहिला असेल, हे पटणारे नाही. टिकीचे थर जमिनीवर दूरवर उघडे पडलेले आहेत. त्यांच्या झिजेतून साठलेल्या गाळात तृतीय कल्पाच्या अखेरीचा किंवा चतुर्थ कल्पातला एखादा सरडा पुरला गेला असावा, असा निष्कर्ष त्यांनी २०१२ मध्ये मांडला. जबडा सरड्याचाच राहिला. बदलले ते त्याचे वय आणि कुळातले स्थान.

परिणाम मात्र दूरवर गेले. सरडे आणि साप यांच्या शाखा केव्हा फुटल्या याचे रेणवीय गणित मांडताना काही अभ्यासकांनी हाच जबडा आधारबिंदू धरला होता. ती गणिते पुन्हा तपासणे भाग पडले. एका हाडावर एवढा भार टाकणे मुळातच धाडसाचे होते. ट्रायासिक काळातल्या सरड्यांचा तोवरचा एकमेव पुरावाही गेला.

ती जागा २०१८ मध्ये इटलीतल्या डोलोमाइट पर्वतातील मेगाकिरेला या जीवाश्माने घेतली. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचे वर्णन २००३ मध्येच झाले होते. सूक्ष्म सीटी स्कॅनमुळे खडकात रुतलेली त्याची खालची बाजू दिसली आणि तो स्क्वामाटात गणला गेला.