नातीचा फोटो आणि माझा

परवा अमेरिकेहून नातीचे फोटो आले. ती कोलोरॅडोत बारावीला आहे. तिकडे शाळेच्या शेवटच्या वर्षी फोटोग्राफरकडून खास फोटो काढून घेतात, 'सीनियर पोर्ट्रेट' म्हणतात त्याला. मला वाटलं, छान कपडे घालून, केस विंचरून बसली असेल. बघते तर बाईसाहेब कातळावर! डोक्याला हेल्मेट, कमरेला दोर, हात खडूच्या पुडीने पांढरे. (माझेही हात नोकरीभर खडूने पांढरे व्हायचे, पण फळ्यापुढे उभं राहून.) गुडघा खरचटलेला, तोही झाकलेला नाही.

मी लेकीला फोन केला, "अगं, एखादा तरी नीट फोटो काढायचा!" लेक म्हणाली, "आई, हाच तिचा नीट फोटो आहे."

इतिहास शिकवायची खोड जात नाही, म्हणून शोधत बसले. पद्धत बरीच जुनी निघाली. १८३९ साली डॅगेरोटाइप आला, त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे. पुढे काचेची निगेटिव्ह आली आणि एका फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. हे हेरलं बोस्टनकडच्या जॉर्ज वॉरेन या फोटोग्राफरने. १८६०च्या दशकात तो हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे एकेकट्याचे फोटो काढी. मुलं एकमेकांचे फोटो विकत घेत आणि त्यांचा अल्बम बांधून घेत. आजच्या 'इयरबुक'चा हा पूर्वज. नंतर हाफटोन छपाई आली, फोटो थेट पुस्तकात छापता येऊ लागले आणि ही प्रथा हायस्कुलांतही रुजली. पण सगळे फोटो एका साच्यातले, मुलांना कोट आणि बो, मुलींच्या खांद्यांवर काळं वस्त्र. आपल्या आवडीच्या जागी, आपल्या अवतारात फोटो काढणं पुष्कळ नंतरचं.

त्याच अमेरिकेतला आपल्या माणसाचा एक फोटो आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी, नवरा सोबत नसताना कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजातला १० ऑक्टोबर १८८५चा त्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. शेजारी एक जपानी आणि एक सीरियाची विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत. वर्गात मुलींना हा फोटो दाखवताना मी तारखाच सांगत राहिले. त्या कशा ताठ बघताहेत, ते सांगायचं राहिलं.

असो. नातीने विचारलं, "आजी, माझ्या वयाचा तुझा फोटो आहे?"

आहे, एकच. १९६८चा, अकरावीची परीक्षा झाल्यावरचा. 'दाखवायचा' फोटो. काकूची साडी, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं आणि हंस. फोटोग्राफर सारखा सांगत होता, "नजर खाली." तीन प्रती काढल्या, तिन्ही मुलांकडच्या घरी गेल्या. एक परत आली, तीच माझ्याकडे आहे.

त्या दिवशी सकाळी मी भावांबरोबर कृष्णेचं पात्र पोहून पलीकडे गेले होते आणि परतही आले होते, थोरल्याच्या आधी. उशीर झाला म्हणून काकूने ओल्याच केसांची वेणी घातली, वर चार शब्द सुनावले.

तो फोटो मी मुकाट्याने नातीला पाठवला. पोहण्याचं काही लिहिलं नाही. तासाभरात तिचा निरोप आला, "आजी, तुझ्या पोलक्याचा खांदा ओला का दिसतोय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आता तिला सगळं सविस्तर लिहायला बसले आहे.