‘मॅजेस्टिक’ : एका चित्रपटगृहाचे नाव आणि मराठी ग्रंथव्यवहार

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘मॅजेस्टिक’ हा शब्द प्रथम भेटतो तो बहुधा एखाद्या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर. केशवराव कोठावळे यांनी १९४२ मध्ये सुरू केलेला मॅजेस्टिक बुक स्टॉल, १९५२ पासूनचे मॅजेस्टिक प्रकाशन, १९६४ मध्ये निघालेले ‘ललित’ मासिक आणि साहित्यिकांना श्रोत्यांसमोर बोलते करणाऱ्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ असा या नावाचा वाङ्मयीन परिवार आहे. हे इंग्रजी नाव मराठी ग्रंथव्यवहारात आले कोठून, असे आम्ही वर्गात विचारतो, तेव्हा सहसा उत्तर मिळत नाही. ते आले गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमावरून. त्या चित्रपटगृहाचा इतिहास चित्रपटाच्या अभ्यासकांकडे सोपवून आपण मोकळे झालो आहोत. वस्तुतः तो वाङ्मयेतिहासाचाही एक धागा आहे.

अर्देशिर इराणी आणि अब्दुलअली युसुफअली या भागीदारांनी १९१८ मध्ये मॅजेस्टिक उभारले. गिरगावाला चित्रपट तेव्हा नवा नव्हता. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच परिसरातील कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला होता. मूकपटाचा काळ हा एका अर्थी वाचनाचाही काळ होता. दृश्यांच्या मध्ये पडद्यावर पाट्या येत आणि साक्षर प्रेक्षक त्या शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाचून दाखवीत. पडद्यापुढे हार्मोनियम व तबला वाजत असे. चित्रपटगृहात आवाज होता. तो चित्राच्या बाहेर होता, एवढेच.

तो चित्रात शिरला १४ मार्च १९३१ रोजी. इराणींच्या इम्पीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा बोलपट त्या दिवशी मॅजेस्टिकमध्ये झळकला. मास्टर विठ्ठल, झुबेदा आणि पृथ्वीराज कपूर हे त्यातील प्रमुख कलावंत. कथेचा आधार जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरील नाटक. स्टुडिओ लोहमार्गालगत असल्याने गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर उरकावे लागले. पहिल्या दिवशी मॅजेस्टिकबाहेर उसळलेली गर्दी आवरण्यास पोलिसांना पाचारण करावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले. साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. बोलपटाने पाटी संपवली आणि संवाद लिहिणाऱ्याची गरज निर्माण केली. पडदा बोलू लागला त्या क्षणी ‘कोणत्या भाषेत?’ हा प्रश्नही जन्मला. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत, असा दोनदा केला, तो याच प्रश्नाला दिलेला प्रतिसाद होता.

‘अयोध्येचा राजा’ आज पाहता येतो. ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २००३ मध्ये लागलेल्या आगीत ती जळाली, असे वारंवार लिहिले जाते. परंतु ती प्रत संग्रहालयात कधी आलीच नव्हती, असे त्याचे संस्थापक पी. के. नायर यांनी स्पष्ट केले होते. चित्रपटापाठोपाठ, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मॅजेस्टिकची वास्तूही पाडण्यात आली. आज जगन्नाथ शंकरशेट मार्गावर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. पहिला बोलपट गेला आणि तो जिथे प्रथम बोलला ती वास्तूही गेली. जवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडूनही जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. मॅजेस्टिकच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

तथापि त्याचे नाव वाचले, आणि ते वाचवले एका पुस्तकाच्या दुकानाने. यात केवळ योगायोग आहे, असे आम्हांला वाटत नाही. चाळी, नाट्यगृहे, चित्रपटगृहे, पुस्तकांची दुकाने आणि केळेवाडीतला मुंबई मराठी साहित्य संघ या सर्वांना गिरगावात एकच रस्ता होता. सिनेमाला आलेल्या माणसाच्या वाटेत पुस्तक येत असे. चित्रपटगृहाचे नाव हा त्या गर्दीला कळणारा पत्ता होता; दुकानाने तो स्वतःचा केला. आपले वाङ्मयेतिहास लेखक, ग्रंथ आणि प्रवाह यांची नोंद ठेवतात. वाचक कोणत्या रस्त्याने पुस्तकापर्यंत आला, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला जातो. मग दुकान स्थलांतरित झाले किंवा नाट्यगृह पाडले गेले, तर त्याबरोबर वाचनसंस्कृतीतले नेमके काय गेले, हे सांगण्याची साधनेच आपल्यापाशी उरत नाहीत.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रकाशनसंस्थांचा इतिहास शिकवताना गिरगावचा नकाशाही फळ्यावर काढावा, आणि त्यात मॅजेस्टिक सिनेमाची जागा दाखवावी. पुढच्या वेळी शीर्षकपृष्ठावर ते नाव दिसले, की विद्यार्थ्याला तो पत्ता वाचता आला पाहिजे.