बाळाच्या डोक्यात पाणी : टेप, शंट आणि जपून ठेवायची फाइल

वडोदरा : मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठण्याच्या आजाराला हायड्रोसेफॅलस किंवा जलशीर्ष म्हणतात. बोलताना आपण ‘डोक्यात पाणी झालं’ म्हणतो. गायकवाडी काळापासून मराठी वस्ती असलेल्या दांडिया बाजारात काय किंवा बेळगावात काय, लेक बाळंतपणाला माहेरी येते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळ दुसऱ्या राज्यात जाते. या आजारात बाळासोबत कागदही जाणे गरजेचे असते.

नेमके काय होते?
मेंदूभोवतीचे पाणी रोज साधारण अर्धा लिटर तयार होते आणि रक्तात शोषले जाते. वाट अडली किंवा शोषण कमी पडले की ते साठते आणि मेंदूवर दाब येतो. जन्मजात दोष, पाठीच्या कण्यातला दोष (स्पायना बिफिडा), मेंदूज्वर, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव, गाठ ही प्रमुख कारणे. शाप किंवा ग्रहण यांचा संबंध नाही.

घरी काय दिसते?
पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मावेळी सुमारे ३३ ते ३६ सेंमी असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला साधारण २ सेंमी वाढतो. त्याहून झपाट्याने वाढला तर ‘डोकं मोठं म्हणजे हुशार’ म्हणून गप्प बसू नये. टाळू भरताना, बाळ शांत आणि उभे धरलेले असतानाही ती फुगलेली, ताठ लागली, डोळे खाली वळलेले राहिले, दूध ओकून बाळ सुस्त पडले, तर त्याच दिवशी दाखवावे. वडोदऱ्यात सरकारी सयाजी रुग्णालय दांडिया बाजारापासून जवळच आहे.

उपचार
औषधाने पाणी कायमचे उतरत नाही. शंट म्हणजे त्वचेखालून मेंदूतले पाणी पोटात नेणारी झडपेची बारीक नळी. काही रुग्णांत दुर्बिणीतून आतच नवी वाट करता येते. शहाजहानपूरला बनणारा स्वस्त छाबडा शंट आणि महागडा परदेशी शंट यांची युगांडात १९५ मुलांवर तुलना झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही.

शंट बसला, म्हणजे सुटलो?
नाही. लहान मुलांत दहापैकी तीन-चार शंट पहिल्याच वर्षात बिघडतात. डोकेदुखी, उलटी, गुंगी, ताप किंवा नळीच्या वाटेवर सूज आली तर थांबू नये. म्हणून फाइलमध्ये या गोष्टी हव्यातच :
- ऑपरेशनची तारीख, शंटची कंपनी आणि प्रकार
- झडप बाहेरून बदलता येणारी असेल तर तिचे सेटिंग (एमआरआयनंतर ते तपासावे लागते)
- मूल बरे असतानाचा स्कॅन, तुलनेसाठी
- डोक्याच्या घेराची तारीखवार नोंद

या सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही ठेवावेत. गुजरातीत लिहिलेली चिठ्ठी पुण्यात अडू शकते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत मागून घ्यावे.

मदत
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. आयुष्मान कार्ड योजनेतल्या रुग्णालयांत परराज्यातही चालते. मात्र ऑपरेशन त्यात बसते का, हे आधी विचारावे. २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत जलशीर्ष वेगळे नाही. प्रमाणपत्र त्यातून आलेल्या दृष्टी, बौद्धिक किंवा हालचालीच्या अडचणीवर मिळते.

टाळता येते का?
सगळे नाही. पण गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घेतल्यास स्पायना बिफिडाचा धोका बराच घटतो. दिवस राहिल्याचे कळल्यावर सुरू केलेली गोळी बहुधा उशिराची ठरते, कारण मणक्याची नळी चौथ्या आठवड्यातच मिटते.