ईजीएफआर
पेशीच्या आवरणावरचे हे प्रथिन एरवी वाढीचा संदेश बाहेरून आला तरच कामाला लागते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत त्याचे जनुक बदलते; प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन बसते, किंवा १९व्या एक्झॉनमधला लहानसा तुकडा गळतो. मग संदेश नसतानाही पेशी विभागत राहते. हे प्रथिन रोखणारे जेफिटिनिब हे औषध मोजक्याच रुग्णांना इतके लागू का पडते, हे कोडे २००४ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी या बदलांवरून उलगडले. अशा रुग्णांपैकी पुष्कळांनी कधी धूम्रपान केलेले नसते. तेव्हा या रोगाच्या प्रत्येक रुग्णाला विडी-सिगारेटचा बोल लावणे अन्यायाचेच. औषधाचा गुण मात्र टिकत नाही : सुमारे निम्म्या रुग्णांत पुढे ७९०व्या जागी थ्रिओनीनऐवजी मेथिओनीन येते. त्यावरचे ऑसिमर्टिनिब अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले.